टेंभुर्णे सरांची बुडालेली जहाजं

गोंदियाहून समुद्र पाहायला जायचं तर आधी दिशा ठरवावी लागते. स्टेशनवरून एक गाडी मुंबईकडे जाते, एक हावड्याकडे, आणि कुठलीही धरली तरी समुद्र यायला बराच वेळ लागतो. आमच्या जिल्ह्यात पाणी भरपूर आहे, पण ते तलावांचं, बोड्यांचं, म्हणजे लहान तळ्यांचं, आणि धानाच्या बांधीतलं. त्यात जहाज बुडण्याची सोय नाही. तरीही आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये बसून मी जितकी जहाजं बुडताना ऐकली, तितकी एखाद्या बंदरावरच्या माणसानेही ऐकली नसतील. ती सगळी टेंभुर्णे सरांची.

सर वाणिज्य शाखेला शिकवत. बारावीला विम्याचा धडा आहे. त्यात आयुर्विमा, आगीचा विमा आणि शेवटी सागरी विमा. या शेवटच्या भागावर परीक्षेत फारसं काही येत नाही. बाकीचे शिक्षक व्याख्या उतरवून देतात आणि पुढे जातात. सर त्यात शिरले की बाहेर धान निसवायला लागलं तरी ते जहाजावरच असत. कॉलेजचं वेळापत्रक लावण्याचं काम माझ्याकडे असल्यामुळे मी दरवर्षी त्यांना सांगायची, की सर, एका भागाला इतक्या तासिका बसत नाहीत. ते दरवर्षी "बरोबर आहे मॅडम" म्हणायचे. कुठलंही भांडण त्यांनी कधी याच्या पुढे जाऊ दिलं नाही.

मग एका वर्षी प्रवेश कमी झाले, आमची एक तुकडी बंद झाली आणि कटरे मॅडमना काढायचं ठरलं. भाग्यश्री कटरे तेव्हा तासिका तत्त्वावर वाणिज्य आणि अडेल तो विषय शिकवायची. फुलचूरला भाड्याच्या खोलीत राहायची, घरी आईवडील तिच्यावरच होते. तिची नोकरी राहते की जाते, या प्रश्नाशी सरांच्या जहाजांचा काही संबंध असेल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. पण ते सांगण्याआधी सर कसे होते हे थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं खरं वाटणार नाही.

सर उंच होते आणि वर्गात पाय फाकवून उभे राहत. मुलं म्हणत, सर डेकवर उभे राहतात. त्यांचे गुडघे दुखत असत, एवढंच होतं.

त्यांना सगळी जहाजं चालत नसत. फक्त एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, शिडांची, लाकडी. मी एकदा विचारलं, की एवढ्याच काळातली का. ते म्हणाले, "नंतर वाफ आली ना. वाफेचं जहाज बुडलं की यंत्राला दोष देता येतो. शिडाचं बुडलं की माणसं आणि वारा, दोघंच उरतात. आणि वाऱ्याला साक्षीला बोलावता येत नाही." त्या काळातले चौकशीचे अहवाल, विमेवाल्यांची जुनी पत्रकं, वाचलेल्या प्रवाशांच्या हकिकती, असं सगळं त्यांनी इंटरनेटवरून काढून ठेवलेलं होतं आणि सकाळी घरून निघण्यापूर्वी ते त्यातलं एक वाचून येत. इतर लोक वर्तमानपत्र वाचून येतात तसे. त्यामुळे कॉलेजात पोहोचताना त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशीची बातमी असे.

आमचा शिपाई सुकराम नवीन होता तेव्हाची गोष्ट. सर आले, खुर्चीत बसले आणि डोळे मिटून घेतले. सुकराम घाबरला.

"काऊन सर, कायले असे बसून राहिले? घरी बरं हाये ना?"

"गेले रे सुकराम."

"कोन गेले?"

"सगळेच गेले. किनारा दिसत होता, तरी गेले."

सुकरामने खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला. "कोनत्या गावचे जी?"

"मॉरिशसच्या अलीकडे. खडकावर आदळलं."

"कवा झालं?"

"झाली असतील दोनशे वर्षं."

सुकरामने दुपट्टा पुन्हा खांद्यावर टाकला. "मंग चहा आनतो," म्हणाला. त्यानंतर तो रोज सकाळी सरांना आधी "आजचे गेले का वाचले?" असं विचारायचा आणि मगच चहा ठेवायचा. वाचलेल्यांच्या दिवशी सर बिस्कीट घेत.

या अहवालांमधली एक गोष्ट सरांना जन्मभर खुपली. बुडालेल्यांची नावं दिलेली असायची. कप्तान, त्याचे अधिकारी, प्रवासी, प्रवाशांच्या बायका. आणि शेवटी नुसतं लिहिलेलं असायचं, की याशिवाय लस्कर. लस्कर म्हणजे जहाजावर राबणारे आपल्याकडचे खलाशी, कोकणातले, गुजरातचे, बंगालमधले. शिडं तेच चढवत, पाणी तेच उपसत. त्यांची नावं कुणी लिहिलेली नसत. सर हे वर्गात आवाज न चढवता सांगत आणि मग हजेरी घेत. सगळ्या कॉलेजात हजेरी क्रमांकाने होते. सर पूर्ण नावाने घेत, वडिलांच्या नावासकट, आणि एखादा गैरहजर असला तर त्याचं काय झालं हे कळेपर्यंत पुढचं नाव घेत नसत. यात तासाचा बराच भाग जाई. मी वेळापत्रकवाली म्हणून यावरही त्यांना बोलले होते. "बरोबर आहे मॅडम," ते म्हणाले.

समुद्र त्यांनी एकदाच पाहिला, पुरीला. आल्यावर आम्ही सगळे उत्सुक. दुबे सर, म्हणजे आमचे इंग्रजीचे शिक्षक, म्हणाले, "बताइए सर, कैसा लगा?"

"ठीक आहे," सर म्हणाले.

बाकीचं वहिनींकडून कळलं. "यायनं पाण्याकडे पायलंच नाही," त्या म्हणाल्या. "लोकं फोटो काढून राहिले, अन् हे कोळ्याच्या नावेजवळ उभे. जाळं कुठं ठेवलं, माणूस कुठं बसला, तेच पाहून राहिले. मीच पाय ओले केले दोघायचे मिळून."

त्यांचा मडक्याचा प्रयोग मात्र मी स्वतः पाहिला, कारण तो स्टाफरूममधल्या माझ्या कपाटावर झाला. जुन्या काळी तांदूळ भरून निघालेली जहाजं वादळाशिवायही फुटत. कुठूनतरी पाणी झिरपायचं, तांदूळ फुगायचा आणि आतून रेटून फळ्यांचे सांधे उघडायचा. हे आमच्या मुलांना पटेना. ज्या गावात नाक्यानाक्यावर राईस मिल आहे, त्या गावच्या मुलांना तांदूळ जहाज फोडतो हे सांगणं म्हणजे घरच्या माणसावर आळ घेण्यासारखं होतं. सरांनी मडकं आणलं, तांदळाने गच्च भरलं, पाणी ओतलं आणि वर लाकडी झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी झाकण बाजूला पडलं होतं आणि तांदूळ माझ्या कपाटावर सांडला होता. मुलं हसली. सर म्हणाले, "झाकण बांधायला पाहिजे होतं. जहाजाला तर डेक असते." पुढच्या खेपेला त्यांनी झाकण सुतळीने आवळून बांधलं. मडक्याला उभा तडा गेला. मिलवाल्यांच्या एका मुलाने त्या तड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सर, पापा को मत बताना."

आता मुख्य गोष्ट. सागरी विम्यात एक नियम आहे. जहाज वादळात सापडलं, ओझं कमी केल्याशिवाय वाचत नाही असं दिसलं, तर कप्तान काही माल समुद्रात टाकायला सांगतो. जहाज वाचतं. मग ज्याचा माल टाकला त्याचं एकट्याचं नुकसान होऊ द्यायचं नाही. ज्यांचा माल वाचला, त्या सगळ्यांनी ते वाटून घ्यायचं. जहाजाच्या मालकानेही. पुस्तकात याला जड नाव आहे. सर त्याला "वाटून घ्यायचं नुकसान" म्हणत. वादळ, खडक, लस्कर, फुगलेला तांदूळ, सगळं करून ते शेवटी इथे येत आणि इथे आले की खडू खाली ठेवत. त्यांच्या मते माणसांनी बरेच कायदे केले, पण शहाणपणाचा हा एकच.

आणि ते हा नियम जमिनीवर वापरत. कुडव्याला त्यांच्या गल्लीत एका भाद्रपदात पाणी तुंबलं. घरांत शिरायला लागलं, तेव्हा लोकांनी कोपऱ्यावरच्या पटलेंची कंपाउंडची भिंत पाडून पाण्याला वाट केली. गल्ली वाचली. पाणी ओसरल्यावर सगळे आपापल्या घरात गेले आणि पटले उघडे पडले. सर दुसऱ्या दिवसापासून दारोदार फिरले. पैसे मागितले नाहीत. "विटा द्या," म्हणाले, "जशा असतील तशा." कुणी विचारलं, "आमी काऊन द्याव जी? भित तर पटल्याची होती." सर म्हणाले, "अन् कोरडा सोफा कोणाचा आहे?" ती भिंत आजही आहे. लाल विटा, राखेच्या करड्या विटा, मध्येच फुटपाथचे पेव्हर, एका ठिकाणी संडासाची पांढरी टाइल. दिसायला वाईट, पण सरळ उभी आहे.

म्हणूनच, तुकडी बंद झाल्यावर प्राचार्यांनी मला "कटरे मॅडमचं नाव न धरता वेळापत्रक लावा" असं सांगितलं, तेव्हा सर काय करणार हे मला कळायला हवं होतं.

ते दुपारच्या सुट्टीत उभे राहिले. सगळे डबे उघडून बसलेले. कटरे मॅडम खिडकीजवळ वह्या तपासत होती.

"जहाज हलकं करायचं आहे, हे मान्य," सर म्हणाले. "पण एकाच माणसाला टाकायचं नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने एकदोन तासिका सोडायच्या. त्या मॅडमना द्यायच्या. नुकसान वाटून घेऊ."

यात एक व्यावहारिक अडचण होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. पूर्णवेळ शिक्षकाच्या तासिका ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेल्या की तो अतिरिक्त ठरतो आणि त्याची दुसरीकडे बदली होते. पण बहुतेकांकडे मर्यादेच्या वर थोड्या तासिका होत्या. त्या सोडल्या असत्या तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. फक्त सरांकडे वरच्या नव्हत्या.

दुबे सर म्हणाले, "सिद्धांत बहुत बढ़िया है सर. एकदम मानवीय. पर मेरा कौन सा पीरियड?"

"तुमचा कुठलाही."

"नहीं, मतलब सोमवार का तो नहीं ना?"

मग मंगळवारची चर्चा झाली. मग प्रत्येकाने सांगितलं की तत्त्व म्हणून त्यांचा पाठिंबा आहे. कुणाचा अभ्यासक्रम मागे होता, कुणाची पदोन्नती जवळ होती, कुणाला घरी विचारावं लागणार होतं. मी माझ्या दोन तासिका दिल्या. त्यात मोठेपणा नाही, त्या शनिवारच्या होत्या. सुट्टी संपली तेव्हा माझ्या दोन सोडून एकही तासिका जमली नव्हती. गल्लीतून विटा मिळवणं सोपं होतं असं तेव्हा दिसलं.

सर प्राचार्यांकडे गेले आणि आपले बारावीचे सगळे तास कटरे मॅडमच्या नावाने लिहून देऊन आले. म्हणजे विम्याचा धडाही गेला.

मी तिथेच होते. प्राचार्य म्हणाले, "सर, तुम्ही अतिरिक्त ठराल. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली तुमची. कुठे टाकतील सांगता येत नाही. मला वर उत्तर द्यावं लागते, मी काही करू शकणार नाही."

"डेकवर ठेवलेला माल आधी जातो सर," टेंभुर्णे सर म्हणाले. "आणि त्याची भरपाई नसते. तसा नियमच आहे."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, विम्यात तसं आहे."

सर बाहेर आले तर दारात कटरे मॅडम उभी. ती रडत नव्हती. संतापली होती.

"मी काय पोतं आहे काय जी सर?" ती म्हणाली. "टाकायचं का ठेवायचं, सगळे मिळून ठरवून राहिले. डबा खाता खाता! मी तिथंच बसली होती ना? माझं नाव घेऊन घेऊन, माझ्यासमोर, अन् मला कोणी एक शब्द विचारला?"

सरांकडे कुठल्याही प्रसंगाला लागू पडणारं एक तरी जहाज असे. त्या दिवशी नव्हतं.

"चूक झाली," ते म्हणाले. "विचारायला पाहिजे होतं."

"मग विचारा."

"राहता का मॅडम?"

"राहते," ती म्हणाली आणि वर्गावर निघून गेली.

त्यानंतर ती सरांशी बोलेनाशी झाली. उपकार झाले की काही माणसांना त्या माणसासमोर बसवत नाही, ती त्यातली असावी. सरांनी तिला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. ते आता फक्त अकरावीला शिकवत आणि लवकर घरी जात. ऑगस्टमध्ये बारावीला विम्याचा धडा आला. योगायोगाने, म्हणजे मीच तसं लावलं होतं म्हणून, सरांचा अकरावीचा वर्ग शेजारी होता. कटरे मॅडमने सागरी विमा एका तासात संपवला. व्याख्या, प्रकार, तत्त्वे, घरचा अभ्यास. वेळापत्रकाच्या दृष्टीने निर्दोष. मधल्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. सर अकरावीच्या फळ्यावर एक वाक्य लिहीत होते, ते अर्धं झालं होतं. मॅडमने "पुढचा धडा" म्हटल्यावर त्यांनी ते पूर्ण केलं.

मुलं त्यांच्याकडे आली. मोठ्या भावंडांकडून त्यांनी जहाजांचं ऐकलं होतं. "सर, आम्हाला नाही सांगणार काय?"

"मॅडमना विचारा."

"मॅडम म्हणते, गाइडमध्ये इतकंच आहे."

"मग इतकंच आहे," सर म्हणाले.

दिवाळीनंतर आदेश आला. इटियाडोह धरणाच्या पुढच्या एका गावात समायोजन. रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, तिथे खोली करावी लागणार होती. वहिनी कुडव्यालाच राहणार होत्या.

"धरनाजवळ चालले सर," सुकराम म्हणाला. "बरं झालं. पानी तं हाये."

"धरणात जहाज नसते रे."

"मंग काय झालं? तुमाले तं बुडालेलेच लागते."

सर हसले. त्यांना मी फार वेळा हसताना पाहिलेलं नाही.

निरोप समारंभ व्यवस्थित झाला. मी यादी केली होती, त्याप्रमाणे शाल, श्रीफळ, समोसे, भाषणं. ज्यांनी तासिका दिल्या नव्हत्या त्यांची भाषणं लांब झाली. दुबे सर म्हणाले, "सर हमारे जहाज़ के कप्तान थे."

टेंभुर्णे सर बसल्या जागेवरून म्हणाले, "कप्तान नाही सर. माल टाका असं कप्तान सांगतो."

प्राचार्य हातातल्या नारळाकडे पाहू लागले. कटरे मॅडम शेवटच्या रांगेत होती. तिने भाषण केलं नाही, समोसाही घेतला नाही. सरांनी उत्तरादाखल सगळ्यांचे आभार मानले, एकेकाचं पूर्ण नाव घेऊन. वडिलांच्या नावांसकट. कटरे मॅडमचं नाव सगळ्यात शेवटी घेतलं, "भाग्यश्री खेमराज कटरे", आणि खाली बसले.

बस दुपारची होती. ऑटो सांगून ठेवला होता, तो आला नाही. मी फोन लावत होते तेवढ्यात कटरे मॅडम तिची स्कूटी घेऊन पायऱ्यांशी आली.

"बसा सर," ती म्हणाली. "बस चुकेल."

जूनपासूनचं हे तिचं त्यांच्याशी पहिलं बोलणं. सर शाल सावरत मागे बसले. एक बॅग त्यांच्या मांडीवर, दुसरी आणि गादीची वळकटी माझ्या गाडीवर. आम्ही निघालो. ती पुढे, मी मागे. कॉलेजच्या फाटकापासून चौकापर्यंत सरांची पाठ ताठ होती. गुडघे बाजूला काढून बसल्यामुळे येणारेजाणारे त्यांना चुकवून जात होते.

रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. आम्ही थांबलो. मालगाडी येत होती, कोळशाची, न संपणारी. मधे दोन स्कूटरी होत्या, म्हणून मला त्यांचं ऐकू येत नव्हतं. पण कटरे मॅडमने मान मागे वळवली आणि काहीतरी विचारलं, हे मी पाहिलं. एकच वाक्य असेल. विचारून ती पुन्हा समोर पाहायला लागली.

सरांनी मांडीवरची बॅग उचलून दोघांच्या मधे दाबून बसवली, हात मोकळे केले आणि बोलायला लागले. आधी एक हात जहाजासारखा आडवा धरला. दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या खालून वर येऊ लागली. मग आडवा हात हळूहळू कलला. कटरे मॅडम आरशातून ते पाहत होती. तिने पुन्हा मान वळवली, काहीतरी विचारलं, सरांनी जोरात मान हलवली आणि हात पुन्हा पहिल्यापासून आडवा धरला. शाल खांद्यावरून घसरली, ती मागच्या स्कूटरवरच्या माणसाने पुन्हा त्यांच्या खांद्यावर ठेवली. त्यांना कळलं नाही.

मालगाडी गेली. फाटक उघडलं. पलीकडून गाड्या सुटल्या, अलीकडच्याही सुटल्या आणि ती स्कूटी मात्र जागची हलेना. बाजूने लोक शिव्या देत जात होते. "ओ मास्टरजी, आगे बढ़ो ना!" मॅडमचा एक पाय जमिनीवर, मान पूर्ण मागे वळलेली. सरांचे दोन्ही हात हवेत.

मी घड्याळ पाहिलं. बस सुटायला फार वेळ उरला नव्हता. मीही हॉर्न वाजवला.